कल्हईवाला शेवटचा कधी आला?

चाळीसगाव तालुक्यातल्या आमच्या जुन्या घरात आजीची एक जमाखर्चाची वही आहे. लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची, दोऱ्याने बांधायची. मागच्या दिवाळीत माळा साफ करताना ती खाली आली आणि दुपारभर आम्ही सगळे तिच्यातच रमलो. कापसाची वेचणी, मीठ, रॉकेल, आणि अधूनमधून एक नोंद, "कल्हई".

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: तांब्या-पितळेच्या भांड्यांना आतून कथलाचा मुलामा द्यायला माणूस गावात यायचा. भाता लावायचा, नवसागराचा पांढरा धूर निघायचा, आणि काळवंडलेलं पातेलं पाण्यात बुडवून बाहेर काढलं की चांदीसारखं. पोरं धुरासकट सगळं बघत बसायची.

वहीत कल्हईच्या दहा नोंदी निघाल्या. पहिली १९७१ ची, मग ७३, ७४, ७७, ७८, ८१, ८३, ८४, ८७ आणि शेवटची १९८९. काकांनी वही मिटली आणि निकाल दिला, "एकोणनव्वद साली कल्हईवाला बंद झाला." आत्या म्हणाली, "तो कव्हय बंद व्हयना, कोन ध्यान ठेवस?" (तो कधी बंद झाला, हे कोण लक्षात ठेवतं?)

बरोबर आत्याच होती. आणि तिच्या एका वाक्यात जीवाश्मशास्त्रातला एक किचकट प्रश्न सगळा बसतो. मी संख्याशास्त्र शिकवण्यात आयुष्य घालवलं. हा प्रश्न वर्गात नेहमी खडूने आणि सूत्राने शिकवला, आणि मुलांनी नेहमीप्रमाणे पाठ केला. वही तेव्हाच सापडायला हवी होती.

आजीची नोंद कधी व्हायची, तर पैसे दिले तेव्हा. कल्हईच्या बदल्यात पायलीभर ज्वारी दिली तर वहीत काही नाही. कल्हईवाला आला पण त्या वर्षी भांडी ठीक होती, तरी काही नाही. म्हणजे त्याच्या फेऱ्या अनेक, नोंदी मोजक्या. त्याची पहिली फेरी नेमकी पहिली नोंद ठरावी आणि शेवटची फेरी नेमकी शेवटची नोंद ठरावी, असा योगायोग क्वचितच. बहुतेक वेळा तो १९७१ च्या आधीही येत असणार आणि १९८९ च्या नंतरही.

खडकांचं असंच असतं. समुद्राच्या किंवा तळ्याच्या तळाशी गाळाचे थर एकावर एक साचतात, खालचा जुना, वरचा नवा. एखादा शिंपल्याचा प्रकार लाखो वर्षं तिथे जगला, तरी त्यातले बहुतेक प्राणी कुजून, झिजून, विरघळून जातात. अगदी थोड्यांचा दगड होतो, त्यातलेही थोडेच हातोडीखाली येतात. भूवैज्ञानिक मीटर मोजत कडा चढतो आणि वहीत लिहितो: हा प्रकार खालून १२ मीटरवर पहिल्यांदा दिसला, ४० मीटरवर शेवटचा. या पट्ट्याला त्या प्रकाराचा स्तरीय पल्ला म्हणतात. दिसलेला पल्ला खऱ्या पल्ल्याहून आखूडच निघतो. जास्तीत जास्त बरोबरीचा निघेल, लांब कधीच नाही (याला एक वाकडा अपवाद आहे, तो पुढे येतो). प्रश्न एवढाच की किती आखूड?

"सांगता येत नाही" हे उत्तर प्रामाणिक असलं तरी आळशी आहे. कारण नोंदींमधली अंतरं आपल्याशी बोलत असतात. आजीच्या वहीत १८ वर्षांत ९ अंतरं आहेत, म्हणजे सरासरी दोन वर्षांनी एक नोंद. मग शेवटच्या नोंदीनंतर आणखी साधारण दोन वर्षं तो येत असावा, असा पहिला अंदाज बांधायला हरकत नाही: १९९१. कुणी तुम्हाला फक्त एकच आकडा मागितला तर हा द्या.

पण एकच आकडा देणं धोक्याचं. खरी गंमत पुढच्या प्रश्नात आहे: १९९१ नंतरही तो येत असेल का, आणि कुठवर तसं मानणं शहाणपणाचं?

समजा कुणी म्हणालं, "तो तर २००७ पर्यंत येत होता." तपासू. पहिली नोंद हीच सुरुवात धरू. १९७१ ते २००७ म्हणजे ३६ वर्षं. उरलेल्या नऊ नोंदी या ३६ वर्षांत कुठेही पडू शकल्या असत्या. पण प्रत्यक्षात नऊच्या नऊ पहिल्या १८ वर्षांत, म्हणजे पहिल्या अर्ध्यात पडल्या. एक नोंद पहिल्या अर्ध्यात पडण्याची शक्यता निम्मी. नऊच्या नऊ पडण्याची म्हणजे रुपया नऊ वेळा उडवून नऊही वेळा छाप येण्याची: ५१२ त एक. अशक्य नाही, पण त्यावर मी पैज लावणार नाही.

आता २००७ वरून मागे सरकत या. १९९६ म्हटलं तर एकूण २५ वर्षं. प्रत्येक नोंद पहिल्या १८ वर्षांत पडण्याची शक्यता १८ भागिले २५, म्हणजे ०.७२. हा आकडा नऊ वेळा स्वतःशी गुणला की साधारण ०.०५ येतो, शंभरात पाच. इथे बहुतेक संशोधक थांबतात. शंभरात पाचाहून कमी शक्यता असलेली गोष्ट बाजूला ठेवायची, अशी प्रथा आहे. प्रथाच आहे ती, निसर्गनियम नव्हे. त्या हिशेबाने कल्हईवाल्याचा शेवट १९८९ आणि १९९६ यांच्या मध्ये कुठेतरी. या पट्ट्याला संख्याशास्त्रात ९५ टक्क्यांचा विश्वास-अंतराल म्हणतात. कॉलेजात आम्ही सगळे कॉन्फिडन्स इंटर्व्हलच म्हणायचो.

सूत्र हवंच असेल त्यांनी असं करावं. नोंदींच्या संख्येतून एक वजा करा. २० या आकड्याचं तितकं मूळ काढा, आपल्याकडे नववं. त्यातून एक वजा करा. जे उरेल त्याने दिसलेला पल्ला गुणा. २० चं नववं मूळ १.३९५, एक वजा केल्यावर ०.३९५, गुणिले १८ म्हणजे सात वर्षांहून थोडं जास्त. वीसच का, तर ५ टक्के म्हणजे विसात एक. ५० टक्क्यांचा पट्टा हवा असेल तर २० च्या जागी २ घ्या. तो दीड वर्षाच्या आतच येतो. हे गणित जीवाश्मांसाठी नीट मांडलं डेव्हिड स्ट्रॉस आणि पीटर सॅडलर यांनी १९८९ साली. आजीच्या शेवटच्या नोंदीचं आणि त्यांचं साल एकच निघालं, तो निव्वळ योगायोग.

या गणिताचा स्वभाव बघण्यासारखा आहे. दोनच नोंदी असतील तर ९५ टक्क्यांसाठी पल्ला पुढे १९ पट वाढवावा लागतो, म्हणजे काहीच सांगितलं नाही असं म्हणा. तीन नोंदी झाल्या की साडेतीन पट. पाच झाल्या की पल्ल्याएवढाच आणि वर थोडा. दहाला ४० टक्के, विसाला १७, पन्नासाला सहाच्या आसपास. तिसरी नोंद मिळाल्यावर जेवढा उजेड पडतो तेवढा पन्नासाव्या नोंदीने पडत नाही.

आणि एकच नोंद असेल तर? तर पल्लाच नाही, गणित सुरूच होत नाही. आमच्याच तालुक्यात पाटणे आहे, पाटणादेवीचं. तिथल्या उत्खननात सु. अ. साळी यांना शहामृगाच्या अंड्यांची कवचं आणि त्यांचे कोरलेले मणी सापडले, आणि त्यांतल्या कवचाचं कार्बन-वय सुमारे २५,००० वर्षं आलं. खानदेशात एके काळी शहामृग होते, हे ऐकून आजही पोरांचे डोळे विस्फारतात. पण पाटण्याच्या त्या एका तारखेवरून इथले शहामृग कधी संपले हे कुणी सांगू लागला, तर त्याला नमस्कार करून पुढे जावं. तारीख त्या अंड्याची आहे, शेवटच्या शहामृगाची नाही.

मोजताना एक चूक मी पुष्कळांना करताना पाहिली आहे. एका थरात २०० शिंपले मिळाले म्हणून नोंदी २०० होत नाहीत. थर एक, नोंद एक. कल्हईवाल्याने एका दिवशी बारा भांडी केली तरी तो एकदाच आलेला असतो. भांडी मोजली तर पट्टा खोटाच अरुंद होतो, आणि खोटा आत्मविश्वास हा अज्ञानापेक्षा महाग पडतो.

आता दुसरं टोक. वरचं सगळं फक्त शेवटाबद्दल झालं. सुरुवात आणि शेवट दोन्ही एकाच वेळी ९५ टक्के खात्रीने पकडायचे असतील तर दोन्हीकडचे पट्टे रुंदावतात, कारण आता चुकायला दोन जागा आहेत. दहा नोंदींसाठी प्रत्येक बाजूला ४० च्या ऐवजी ५० टक्के वाढवावं लागतं, म्हणजे नऊ-नऊ वर्षं: १९६२ ते १९९८. आमच्या बाबतीत सुरुवातीचा पट्टा थोडा फसवा आहे. वहीच १९७० पासून सुरू होते. त्याआधीची पानंच नसतील तर नोंद येणार कुठून? कड्याचा पायथा जिथे मातीत गडप होतो तिथे भूवैज्ञानिकाची हीच अडचण होते.

"९५ टक्के" याचा अर्थ काय, हा परीक्षेत हमखास चुकणारा प्रश्न. कल्हईवाला १९९६ पर्यंत येत होता, असा त्याचा अर्थ नाही. १९९६ ला येण्याची शक्यता ९५ टक्के, असाही नाही. अर्थ असा: अशा शंभर वह्या घेतल्या आणि प्रत्येकीवर हीच रीत चालवली, तर साधारण पंचाण्णव वह्यांत खरा शेवट पट्ट्याच्या आत पडेल. पाचांत आपण फसू. आपली वही त्या पाचांतली आहे की नाही हे वही सांगत नाही.

एवढा खटाटोप कशासाठी, असं वाटत असेल तर सातपुड्याकडे किंवा अजिंठ्याच्या डोंगररांगेकडे बघा. पायऱ्या-पायऱ्यांचा हा काळा खडक म्हणजे थिजलेला लाव्हा. धुळे-नंदुरबारकडे माळावर किल्ल्याच्या तटासारख्या लांबच लांब उभ्या भिंती दिसतात, त्याही भेगांत शिरून गोठलेल्या लाव्ह्याच्या. दख्खनचे हे उद्रेक ऐन भरात होते त्याच सुमारास, साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, डायनोसॉर आणि समुद्रातले गोगलगायीसारख्या वेटोळ्या कवचाचे अमोनाइट नाहीसे झाले. त्याच वेळी मेक्सिकोत चिक्शुलूबला अशनी आदळला. त्याची खूण म्हणून जगभर एका पातळ थरात इरिडियम हा धातू जास्त सापडतो, हे अल्वारेझ बापलेकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० मध्ये दाखवलं. दोष आपल्या लाव्ह्याचा की अशनीचा, की दोघांचा, हा वाद अजून मिटलेला नाही. माझा कल अशनीकडे आहे, पण खानदेशी माणूस म्हणून आपल्या खडकाचं नाव निघालं की थोडी छाती फुगते, ते नाकारत नाही.

या वादात टोकं फार महत्त्वाची. सगळे प्रकार त्या इरिडियमच्या थरापाशी एकदम संपले असतील तर घाव अचानक बसला. एकेक करून आधीपासूनच संपत आले असतील तर कारण सावकाश होतं. कड्यावर दिसायचं काय, तर एक प्रकार थराच्या तीस मीटर खालीच शेवटचा सापडतो, दुसरा पंधरा, तिसरा चार. झाला की हळूहळू ऱ्हास! पण फिलिप सिग्नर आणि जेरे लिप्स यांनी १९८२ साली बोट ठेवलं ते इथेच. सगळे एकाच दिवशी मेले तरी चित्र असंच दिसेल. जो प्रकार विपुल, त्याची शेवटची नोंद थराच्या जवळ. जो दुर्मीळ, त्याची लांब. गावातली सगळी जुनी दुकानं एकाच पुरात वाहून गेली तरी आजीच्या वहीत किराण्याची शेवटची नोंद आदल्या आठवड्याची असेल आणि सोनाराची चार वर्षांपूर्वीची. सोनार चार वर्षं आधी मेला असं कुणी म्हणेल का?

मग प्रत्येक प्रकाराच्या टोकावर त्याचा-त्याचा पट्टा काढायचा. दुर्मीळ प्रकारांचे पट्टे लांब, विपुल प्रकारांचे आखूड. ५० टक्क्यांचे पट्टे घेतले आणि सगळे खरोखर एकाच पातळीवर संपले असतील, तर निम्म्यांच्या आसपास पट्टे ती पातळी ओलांडतील आणि निम्मे तिच्याखाली राहतील. चार्ल्स मार्शल यांनी १९९५ मध्ये अंटार्क्टिकातल्या सेमूर बेटावरच्या अमोनाइटवर हे करून बघितलं. फक्त जीवाश्मांच्या जागांवरून शेवटाची पातळी कुठे असावी याचा अंदाज बांधला, आणि तो इरिडियमच्या थराशी जुळला. पुढच्या वर्षी त्यांनी पीटर वॉर्ड यांच्याबरोबर पश्चिम युरोपातले खडक तपासले. तिथे इनोसेरामिड नावाचे शिंपले मात्र सीमेच्या, म्हणजे त्या इरिडियमच्या थराच्या, बऱ्याच आधी संपल्याचं दिसलं, अमोनाइटांतले पुष्कळ सीमेपर्यंत टिकलेले. त्याच भागात स्पेनमधल्या झुमायाच्या कड्यावर सुरुवातीला सीमेखालच्या कित्येक मीटरांत अमोनाइटच मिळत नव्हते. शोध वाढवला, शेजारचे कडे पालथे घातले, आणि ते सीमेच्या अगदी जवळ सापडले.

पट्टा सीमा ओलांडतो म्हणून अचानक मृत्यू सिद्ध होत नाही, हेही लक्षात ठेवा. एवढंच ठरतं की अचानक मृत्यू या नोंदींशी विसंगत नाही. दुर्मीळ प्रकाराचा पट्टा तर इतका लांब असतो की तो कशाशीच विसंगत नसतो.

आणि पट्टा असतो मीटरमध्ये. त्याची वर्षं करताना जपून. गिरणेला पूर आला की एका रात्रीत वीतभर गाळ बसतो, मग दहा वर्षं काही नाही, उलट होता तोही वाहून जातो. खडकातला एक मीटर म्हणजे नेहमी तेवढीच वर्षं नव्हेत.

आता या गणिताचा कच्चा दुवा. वर मी गुपचूप एक गोष्ट धरून चाललो: नोंद पल्ल्यात कुठेही पडण्याची शक्यता सारखीच. हे खरं नसेल तर? याचं सगळ्यात चांगलं उदाहरण शहाद्याचं आहे, आणि तो जीवाश्म नाही, जिवंत पक्षी आहे.

रानपिंगळा. एकोणिसाव्या शतकात त्याचे सात नमुने जमा झाले, १८७२ ते १८८४ या काळात, आणि त्यांतले बरेच खानदेशातून, जेम्स डेव्हिडसन या ब्रिटिश अधिकाऱ्याने जमवलेले. त्यानंतर कुणालाच दिसला नाही. आपलं सूत्र चालवा: पल्ला १२ वर्षं, नोंदी सात धरल्या, तर २० चं सहावं मूळ १.६५, म्हणजे आणखी आठ वर्षं. ९५ टक्के खात्रीने रानपिंगळा १८९२ पर्यंत संपला! आणि १९९७ च्या नोव्हेंबरात पॅमेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना शहाद्याजवळ तो झाडावर बसलेला दिसला. ११३ वर्षांनी.

सूत्र चुकलं नाही, आपलं गृहीतक चुकलं. १८८४ नंतर पिंगळा गेला नव्हता, पिंगळ्याला गोळा करणारा गेला होता. नोंदी थांबण्याची दोन कारणं असतात, आणि वही दोन्ही वेळा सारखीच कोरी दिसते. खडकात हे वारंवार घडतं. समुद्र मागे हटतो, खोल पाण्याचा गाळ जाऊन उथळ पाण्याचा येतो, आणि खोल पाण्यातला शिंपला त्या कड्यातून नाहीसा होतो. तो मेलेला नसतो, दुसरीकडे राहायला गेलेला असतो. म्हणून मार्शल यांनीच १९९७ मध्ये सूत्राला एक सुधारणा दिली. कोणत्या उंचीवर जीवाश्म सापडण्याची शक्यता किती, हे पाण्याची खोली, उघडा पडलेला खडक आणि शोधाची मेहनत बघून आधी ठरवायचं, आणि पट्टा त्या मापाने मोजायचा. जिथे सापडणं कठीण तिथे पट्टा आपोआप लांबतो.

रानपिंगळ्याच्याच गोष्टीत तो वाकडा अपवादही आहे. रिचर्ड माइनर्ट्झहागन नावाच्या लष्करी पक्षीतज्ज्ञाने १९१४ साली गुजरातेत मांडवीला आपण रानपिंगळा मारला, असं लेबल लावून एक नमुना ठेवला होता. पुढे उघड झालं की तो डेव्हिडसनचाच जुना नमुना होता, संग्रहालयातून चोरलेला आणि नवं लेबल चिकटवलेला. ती नोंद धरली असती तर पल्ला ३० वर्षांनी खोटाच लांबला असता. निसर्गसुद्धा अशी लबाडी करतो. जुन्या थरातून पाण्याने झिजून सुटलेला जीवाश्म वाहत जाऊन नव्या गाळात पुन्हा गाडला जातो, आणि लाखो वर्षांपूर्वी मेलेला प्राणी वरच्या थरात हजेरी लावतो. हे गणित अशा नोंदीपुढे आंधळं आहे. तिथे भिंग घेऊन जीवाश्माच्या झिजलेल्या कडा बघणाराच हवा.

आमच्या कल्हईवाल्याचंही पुन्हा तपासायला हवं होतं. वही परत चाळली तर १९८६ च्या एका पानावर "स्टीलची पातेली ४" अशी नोंद निघाली. म्हणजे शेवटी-शेवटी घरात कल्हईची भांडीच कमी होत गेली. तो येत राहिला असला तरी नोंद होण्याची शक्यता घटली, आणि माझा १९९६ चा पट्टा आखूडच पडत असणार.

हे मी काकांना समजावत होतो तेवढ्यात आत्या स्वयंपाकघरातून एक पितळी गंज घेऊन आली. तिच्या लग्नातला. लग्न १९९३ चं. आत बोट फिरवून म्हणाली, रुखवत मांडायच्या आधी हा दारातच कल्हई केला होता, तोच म्हातारा, आणि मजुरी म्हणून आजीने त्याला बाजरी दिली होती.